सुटकेसचा ड्रम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माळ्यावर एक जुनी टणक सुटकेस आहे. तिचा किक ड्रम (पायाच्या पेडलने वाजवायचा ड्रम, म्हणजेच बासड्रम) करून बाकीचं सामान तिच्यातच भरून नेता येईल असा सेट करायचा आहे. सुटकेस या कामाची आहे की नाही, हे आधी कसं ओळखावं?

उत्तर : सुटकेस रिकामी करा, खटके लावा, लांब बाजूवर उभी करा आणि मोठ्या अंगावर मधोमध मुठीच्या मऊ भागाने ठोका. 'धम्म' असा किंचित रेंगाळणारा आवाज आला तर पुढे जायला हरकत नाही. 'पच्च' असा बसका आवाज आला, तर एकतर पुठ्ठा ओल धरून मऊ पडलाय किंवा अस्तर सुटलंय. अस्तर तसंही पूर्ण काढायचंच आहे. ते वाजताना फडफडतं आणि कुबट वास त्याच्यातच असतो. ते खरवडून काढा, सुटकेस दोन-तीन दिवस उघडी ठेवून वाळवा आणि पुन्हा ठोकून बघा.

पातळ प्लायवूडच्या किंवा दाबलेल्या कडक फायबरच्या जुन्या सुटकेस सगळ्यात चांगल्या. चाकांच्या पॉलिकार्बोनेट बॅगा नकोत. धक्का बसला की वाकायचं, हाच त्या प्लॅस्टिकचा गुण आहे, त्यामुळे बीटरचा (पेडलच्या ठोकणाऱ्या दांड्याचा) जोर आवाजात न जाता वाकण्यात जातो.

माप साधारण ६५ × ४५ × २० सेंमी असावं. कारण स्नेअर (खाली तारा असलेला छोटा ड्रम) आत मावायला हवी. १४ इंची स्नेअरचा व्यास साडेपस्तीस सेंमी. कडं आणि बाजूला आलेला तारांचा खटका धरला की चाळीसच्या वर जातो, आणि ५ इंच खोलीच्या स्नेअरला दोन्ही कडी धरून १५ सेंमीच्या आसपास उंची लागते. सुटकेस यापेक्षा लहान असेल तर १२ किंवा १० इंची स्नेअर घ्या.

प्रश्न : पेडलचा क्लॅम्प थेट सुटकेसच्या कडेला लावला. दोन-तीन वेळा वाजवल्यावर कड फाटली आणि पेडल निसटायला लागलं. पत्र्याची पट्टी लावून काम भागेल का?

उत्तर : नाही भागणार. सुटकेसच्या कामात बहुतेक जण इथेच चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पेडलचा क्लॅम्प बासड्रमच्या लाकडी कड्याला घट्ट चावण्यासाठी बनवलेला असतो. पायाच्या प्रत्येक दाबाबरोबर तो त्या कड्याला पुढे ढकलतो आणि वर उचकटतो. फायबर किंवा पुठ्ठा हे सोसू शकत नाही. वरून पत्रा लावलात तर फाटण्याची जागा फक्त पत्र्याच्या टोकाशी सरकेल. सुटकेसच्या कातडीवर कसलंच वजन टाकायचं नाही. सगळा भार आतल्या लाकडी चौकटीने घ्यायचा आणि ज्या अंगावर बीटर पडतो ते अंग मोकळं ठेवायचं.

सुटकेस बिजागऱ्या खाली आणि मूठ वर अशी उभी राहील. तिचा खोल अर्धा भाग वाजवणाऱ्याकडे, झाकण पुढे. खोल भागाच्या आत चारही बाजूंना २० × २० मिमीची लाकडी पट्टी लावा. तळाला मात्र ४० मिमी रुंद आणि २० मिमी जाड पट्टी हवी. पट्ट्या वाजणाऱ्या अंगापासून निदान १ सेंमी दूर ठेवा. अंगाला टेकल्या तर ते आखडतं आणि घुमारा जातो. लाकडाचा पांढरा गोंद लावून शिकंजे आवळा आणि चोवीस तास हात लावू नका.

आता पाया. १२ मिमी प्लायची ३० × १५ सेंमीची फळी घ्या. तिच्यावर साडेचार सेंमी उंचीचे दोन ठोकळे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि त्यांच्यावर सुटकेसचा तळ. फळीची लांब कड वाजवणाऱ्याच्या बाजूला ४ सेंमी बाहेर येऊ द्या, पेडल तिथे चावेल. प्रत्येक ठोकळ्यातून दोन, असे चार ६ मिमी जाडीचे, ८० मिमी लांबीचे चपट्या डोक्याचे बोल्ट खालून वर घाला. डोकी फळीत ६ मिमी बुडवा, नाहीतर फरशीवर ओरखडे उठतील. आत तळाच्या पट्टीवर टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे दातेरी नट) ठोकून ठेवले की बोल्ट काढल्यावर अख्खा पाया सुटा होतो. तो सुटा व्हायलाच हवा. कायमचा बसवला तर सुटकेस पाठीवर सपाट झोपत नाही आणि ठोकळे झाकणाच्या आड येतात.

ठोकळ्यांची उंची अंदाजाने ठरवू नका. नेहमीच्या पेडलचा बीटर २२ इंची बासड्रमसाठी, म्हणजे जमिनीपासून सुमारे २८ सेंमीवर पडेल असा बेतलेला असतो. ४५ सेंमी उंच सुटकेसचा मध्य येतो साडेबावीसवर. त्यात ठोकळे आणि फळी मिळून पावणेसहा सेंमी मिळवले की बीटर बरोबर मध्यावर येतो. तुमची सुटकेस ४० सेंमी असेल तर ठोकळे ७ सेंमींचे करा आणि बोल्टही अडीच सेंमी जास्त लांब घ्या.

वाजवताना सेट पुढे सरकतोच. बासड्रमला असतात तसे दोन तिरके पाय चौकटीच्या दोन्ही बगलांना लावा आणि सगळ्याखाली एक जाड सतरंजी घाला. तुमची बैठक त्याच सतरंजीवर असू द्या, म्हणजे ती तुमच्या वजनाखाली दबून राहील.

प्रश्न : सगळं नीट बसवलं, पण आवाज 'टप टप' येतो. आत उशी भरली तर आणखीच बिघडला.

उत्तर : उशी आधी काढा. ६५ × ४५ × २० च्या सुटकेसमध्ये ५८ लीटर हवा असते, २० × १६ इंची बासड्रममध्ये ८० लीटरहून जास्त. आधीच कमी असलेल्या हवेत उशी कोंबली की उरतं काय? हाताचा एक टॉवेल घडी करून तळाशी ठेवा, वाजणाऱ्या अंगाला जेमतेम टेकेल इतका. बीटर मऊ फेल्टचा किंवा लोकरीचा वापरा. प्लॅस्टिकचा बीटर टणत्कार देतो आणि फायबरला महिन्याभरात खड्डा पाडतो. बीटर पडतो तिथे ८ सेंमी व्यासाची चामड्याची चकती चिकटवा.

तरीही खर्ज येत नसेल तर झाकणात कोपऱ्याकडे १० ते १२ सेंमी व्यासाचं भोक पाडा. आधी १० चं पाडून ऐका, मोठं केव्हाही करता येतं. कापायच्या जागेवर चिकटपट्टी लावली तर रंगाचे टवके उडत नाहीत.

एवढं करूनही 'टप'च येत असेल तर अंगच मऊ आहे. चारही बाजूंनी ५ सेंमी कड सोडून मधला भाग कापा आणि आतून ४ मिमी प्लाय गोंदाने आणि दर ६-७ सेंमीवर एका स्क्रूने बसवा. काहोनच्या (वर बसून हाताने वाजवायच्या लाकडी पेटीच्या) पुढच्या फळीची जाडीही इतपतच असते. मग बीटर थेट लाकडावर पडतो आणि आवाजात लक्षणीय फरक पडतो. मोठ्या बासड्रमचा लांबलेला खर्ज मात्र या पेटीतून येणार नाही. मिळतो तो आखूड, गोळीबंद ठोका, आणि छोट्या खोलीत गिटार आणि गाण्याबरोबर तो फार सुरेख बसतो.

प्रश्न : किकच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कुठेतरी खुळखुळ होते.

उत्तर : एकाला पेडल मारायला लावा आणि तुम्ही एकेक भाग बोटाने दाबत जा. जिथे दाबल्यावर आवाज थांबेल तिथे चोर सापडला. बहुतेक वेळा मुठीच्या कड्या असतात, नाहीतर खटक्यांच्या जिभा. खाली फेल्टचा तुकडा सरकवा. जुने पितळी खटके उपटून टाकू नका, झाकण त्यांच्याइतकं घट्ट दुसऱ्या कशाने बसत नाही. झाकणाच्या काठावर ३ मिमीची फोमपट्टी फिरवा.

प्रश्न : वर १४ इंची सिंबल (ड्रमसेटची झांज) लावली तर सेट कलंडतो.

उत्तर : दांडा झाकणावर लावला असणार. तो खोल भागाच्या वरच्या पट्टीला लावा, आतून १२ मिमी प्लायचा १५ सेंमी लांब तुकडा टेकू म्हणून देऊन. सिंबलचा मध्य सुटकेसच्या जाडीच्या आतच राहिला पाहिजे. १४ इंचांपेक्षा मोठी सिंबल स्वतंत्र स्टँडवरच ठेवा. स्नेअरही स्टँडवर असू द्या, ती सुटकेसवर बसवली तर किकच्या धक्क्याने तिच्या तारा सतत सळसळतात.

प्रश्न : २७ मिमीची पिएझो चकती (कंपनांचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी) आत चिकटवली. ध्वनियंत्रणेतून आवाज पातळ आणि कर्कश येतो.

उत्तर : चकती ज्याला जोडायची त्याचा इनपुट-रोध १ मेगाओमच्या आसपास लागतो. मिक्सरच्या माइक किंवा लाइनच्या खाचेत थेट जोडली की खालचे सूर गळतात. मध्ये पिएझोसाठीचा प्रीअँप (सिग्नल आधी वाढवणारी डबी) घाला, किंवा जास्त इनपुट-रोध असलेला डीआय बॉक्स (वाद्य मिक्सरला जोडायची डबी). चकती बीटरच्या बरोबर मागे नको, तिथे फक्त टकटक मिळते. ८-१० सेंमी बाजूला लावा आणि वर फोमचा तुकडा चिकटवा. तार चौकटीला दोन ठिकाणी बांधा, कारण सगळ्यात आधी तुटतो तो तारेचा चकतीवरचा सोल्डरचा जोड.