बिलाच्या तळाची ओळ

चवथ, म्हणजे आमच्या गोव्यातली गणेशचतुर्थी, जवळ आली की फोंड्याला माझ्याकडे समुपदेशनात एक तक्रार हमखास येते: "मॅडम, ऑफर दिसली की हात आवरत नाही. घरात सामान मावत नाही आणि महिनाअखेर पैसे पुरत नाहीत." असं सांगणाऱ्या बहुतेक जणी संसार काटकसरीने करणाऱ्या असतात.

डिचोलीकडची एक गृहिणी त्यांतलीच (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). पलंगाखाली फिनाइलच्या बाटल्या, माळ्यावर न उघडलेल्या चादरी. हातातली पिशवी बघून नवरा दारातच म्हणायचा, "परत?" की झालं भांडण सुरू.

मी तिला बिलं आणायला सांगितली. तिने ती नीट पिन लावून जपली होती. प्रत्येक बिलाच्या तळाशी बोट ठेवून ती वाचून दाखवू लागली, "आज तुमची बचत, ६१२ रुपये."

"हे पैसे ठेवलेत कुठे?"

"कुठे म्हणजे? वाचले ना!"

"वाचले असतील तर पर्समध्ये असतील, नाहीतर बँकेत."

ती हसली. मग बोट हळूहळू वर सरकलं आणि एकूण रकमेवर थांबलं: १८४० रुपये. "हा आकडा मी वाचतच नाही हो."

मी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने तीच बोलली, "आईने बाबांच्या एका पगारात पाच जणांचं घर चालवलं. मला सासरी कुणी उधळी म्हणू नये, म्हणून मी स्वस्त शोधत फिरते. आणि आता तेच ऐकून घेते."

गाठ सापडली ती इथे. ती ऑफरमध्ये चादर घेतच नव्हती, आपण हुशार गृहिणी असल्याचा दाखला घेत होती. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्येच मांडलं होतं की वस्तू मिळाल्याचं समाधान वेगळं आणि सौदा साधल्याचं समाधान वेगळं. खोडलेली मोठी किंमत आणि शेजारची लहान किंमत हे दुसरं समाधान हातात देतात, वस्तू लागो वा न लागो. म्हणून काटकसरी माणूस ऑफरला लवकर भुलतो.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची. खर्चावर बंदी घालण्याआधी मनातलं वाक्य तपासायचं, ही माझी पद्धत, आणि ती सहसा मला दगा देत नाही. तिचं वाक्य होतं, "ऑफर सोडली तर नुकसान झालं." त्या जागी तिने स्वतःच शोधलं, "न घेतलेल्या वस्तूवर शंभर टक्के सूट."

तुम्हालाही हे जमेल. दोनवर एक फुकट असेल आणि नग शंभरचा असेल, तर गरज एकाचीच असताना तुम्ही दोनशे मोजता. महिन्याला लागणारं तेल-साबण असेल तर खुशाल घ्या, तिथे खरंच पैसे वाचतात. माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या मांडवीच्या) सामानाची यादी घरी बसून करा आणि यादीबाहेरचं काही आवडलं तर ते दुसऱ्या दिवसावर टाका. 'आज शेवटचा दिवस' ही पाटी तेवढ्याचसाठी लावलेली असते, की तुम्ही दुसऱ्या दिवसावर टाकू नये. सूट किती टक्के ते मागाहून बघा, आधी विचारा: पूर्ण किमतीला मी हे घेतलं असतं का?

आणि घरच्यांना एक कळकळीची विनंती. पिशवी दारात असताना 'उधळी' म्हणू नका. तो शिक्का पुसायलाच ती पुढच्या ऑफरला जाते. बिल दोघांनी मिळून, जेवणं झाल्यावर, एकूण रकमेपासून वाचा.