आखाजीच्या आधी की नंतर?

रावेर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. लहानपणी नात्यातल्या माणसाने तिच्यावर अत्याचार केला. मोठेपणी तिने तक्रार दिली आणि जळगावच्या सत्र न्यायालयात त्याला शिक्षा लागली. त्याचं अपील आता औरंगाबाद खंडपीठात आहे. पोलिसांकडच्या जबाबात तिने घटना ‘आखाजीच्या आधीची’, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधीची सांगितली, कोर्टात ‘नंतरची’. अपिलाचा सगळा भर त्यावरच. ती विचारते, “माझी आठवणच खोटी ठरेल का? दादा खूप धडपडतोय, रोज रात्री फोनवर माझ्याकडून जबाब म्हणवून घेतो.”

पोरी, मी त्या शेवटच्या वाक्यावरच अडले. दहा वर्षांच्या मुलीवर जे झालं ते तू रोज रात्री म्हणून दाखवायचं, आणि चुकलीस की दादाने दुरुस्त करायचं? याला धडपड म्हणू नकोस. मला त्याचा राग आलाय.

अपिलात तुला पिंजऱ्यात उभं करत नाहीत. खालच्या कोर्टात नोंदलेली साक्ष आणि उलटतपासणी न्यायमूर्ती वाचतात. नवा पुरावा क्वचितच घेतात. मग हे पाठांतर कुणासाठी? आणि प्रकरण पुन्हा खाली आलंच, तर आरोपीचा वकील आधी हेच विचारील, “तुम्हाला कुणी पढवलं?” त्यात आठवण दर वेळी सांगताना थोडी नव्याने जुळते. दादाचे शब्द तिच्यात शिरले, तर तुझे कुठले हे तुलाही कळणार नाही.

तू लिहिलंयस, निंबाला झोके बांधलेले होते, बायकांची गाणी ऐकू येत होती. सण उद्या होता की कालच झाला होता, एवढंच आठवत नाही. लहान मूल असंच लक्षात ठेवतं. दोन मुलींवरच्या अत्याचाराच्या खटल्यात, 1983 साली भारवाडा भोगिनभाई निकालात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की साक्षीदाराच्या डोक्यात टेप फिरत नसते, आणि वेळ तर लोक अंदाजानेच सांगतात. किरकोळ विसंगतीने साक्ष कोसळत नाही. मुळालाच धक्का लागतो का, हे आता कागदांवरून ठरेल.

तेव्हा आजपासून पाठांतर बंद. दादाला स्पष्ट सांग. त्याला काही करायचंच असेल, तर खंडपीठाच्या विधी सेवा उपसमितीत जाऊन तुझ्या बाजूने वकील मागू दे. बाईला तो मोफत मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. रात्री त्याने पुन्हा जबाब काढला, तर फोन ठेवून दे.