पाणगवत, ट्राउट आणि एक लॅब्रेडॉर

प्रश्न : आम्ही मॅडिसनला राहतो. गेल्या वर्षी मी फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसादोऱ्याचा खोटा किडा (फ्लाय) गळाला लावून मासे धरणं, शिकले, ब्लॅक अर्थ क्रीक या ओढ्यावर जाते. पण जुलैपासून पाण्यात इतकं गवत माजतं की दर वेळी गळाला गवतच येतं. मासा लागलाच तर तोही गवतात घुसून सुटतो. सोबत तीन वर्षांची लॅब्रेडॉर असते, तिला पाणी दिसलं की उडी! नवरा म्हणतो, एक तर कुत्री ने, नाहीतर गळाची काठी. काय करू?
– एक वाचक, विस्कॉन्सिन

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांचं म्हणणं निम्मं खरं आहे. माझे वडील कर्लीच्या खाडीत गरवायला बसायचे, तेव्हा गावातलं एक तांबडं कुत्रं तासन् तास शेजारी गप्प बसायचं. कारण त्याला त्यातला वाटा मिळायचा. इथे आपण मासा परत सोडतो. मग आपल्या कुत्रीने गप्प का बसावं? म्हणून खिशात तिचा खाऊ हवाच, आणि तो बसल्याबद्दल द्यायचा, उडी मारून परत आल्याबद्दल नाही.

आधी गवत. झऱ्यांचं थंड पाणी आणि चुनखडीचा मुलूख, त्यामुळे ते माजणारच. त्याला शिव्या देऊ नका, ट्राउट माशाचं अर्धं जेवण त्यातच राहतं. गवताच्या दोन ताटव्यांमधून पाण्याच्या वाटा जातात, आपल्याकडच्या पांदणीसारख्या. काठावर पाच मिनिटं उभं राहून त्या बघा आणि फक्त तिथेच फ्लाय टाका. ऑगस्टमध्ये मी नाकतोड्याची फ्लाय लावतो, तीही जवळच, वीस-पंचवीस फुटांवर. लांब फेकण्याची हौस मैदानावर भागवावी.

आता मासा लागल्यावरचं. कुत्रीच्या पाठीवरून उलटा कंगवा फिरवून बघा, अडकतो ना? गवतही प्रवाहाबरोबर खालच्या अंगाला आडवं झालेलं असतं. मासा प्रवाहाविरुद्ध ओढलात तर तो त्यात गुंतणार. लागल्याबरोबर त्याचं डोकं वर धरा आणि स्वतः खालच्या अंगाला चालत त्याला प्रवाहाबरोबर न्या. तरीही घुसलाच तर काठी वाकवून झटके देऊ नका, टिपेट, म्हणजे फ्लायजवळचा दोरीचा बारीक शेवट, तुटेल. काठी खाली करा, दोरी हातात धरून खालच्या बाजूने हळूहळू ताण द्या. नाहीच निघाला तर दोरी सैल सोडून मिनिटभर थांबा. पुष्कळदा तो आपणहून बाहेर येतो.

कुत्रीची जागाही प्रवाहच ठरवतो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून तुम्ही त्याच्या मागे, म्हणजे खालच्या अंगाला, आणि कुत्री तुमच्याही खाली. ती वर गेली की गढूळ पाणी माशाच्या तोंडावर येतं आणि त्या वळणावरचा दिवस संपतो. पण अगदी पाठीमागे बसवू नका. माझ्या बंड्या कुत्र्याच्या कानात पहिल्याच उन्हाळ्यात मागे जाणाऱ्या दोरीचा गळ रुतला. त्याची किंकाळी अजून आठवते. गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून सपाट केलेला होता, म्हणून गळ सरळ मागे निघाला. तेवढं तुम्ही आजच करा. तिला काठी नसलेल्या हाताच्या बाजूला, दहा-बारा फुटांवर बसवा. 15 एप्रिल ते 31 जुलै सरकारी जमिनीवर पट्टा लागतोच, तोही 8 फुटांपेक्षा लांब नको. तेव्हा तिला झाडाला बांधा आणि तुम्ही चार पावलं पुढे सरका.

काठावरच्या पिवळ्या फुलांच्या वाइल्ड पार्स्निपमधून तिला हुंदडू देऊ नका. तिच्या केसांवरचा रस तुमच्या हाताला लागला आणि वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात.

आणि शेवटी गोगलगाय. याच ओढ्यात 2013 साली न्यूझीलंड मडस्नेल सापडली. तांदळाच्या दाण्याएवढी असते, आणि एकटी मादीसुद्धा नराशिवाय प्रजा वाढवते. ती बुटांना चिकटते तशी कुत्रीच्या पोटाच्या केसांतही अडकते. गाडीत बसण्याआधी बूट ब्रशने घासा, कुत्रीचं पोट विंचरा आणि दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी बूट खडखडीत वाळू द्या. घरी कुत्रीला आंघोळ घालायचं काम यजमानांकडे सोपवा. एवीतेवी त्यांना काठी आणि कुत्री यांतलं एकच हवं होतं.