सेकंडहँड लॅपटॉप घेतला, पण पासवर्ड कुणाचा?

प्रश्न : नमस्कार दादा, मुलगी यंदा डिप्लोमाला गेली म्हणून एका दुकानातून १६ हजाराला जुना लॅपटॉप घेतला. दुकानात चालू करून दाखवला होता, घरी आणल्यावर चार्जिंग संपून बंद पडला आणि परत लावला तर कुणातरी अनोळखी माणसाचं नाव येतं नि पासवर्ड मागतो. दुकानदार आता फोन उचलत नाही. इथला रिपेअरवाला म्हणतो १५०० द्या, क्रॅक करून देतो. द्यावेत का?
– एक ताई, सोलापूर

उत्तर : ताई, नका देऊ. क्रॅक करून काय मिळणार, तर त्या माणसाचंच विंडोज, त्यात त्याचे फोटो, बँकेचे कागद, असला तर व्हायरस पण तसाच. ते दुसऱ्याचं खासगी आहे, ते उघडायचंच नाही, सगळं पुसून कोरं करायचं आणि मुलीच्या नावाने नवीन सुरू करायचं.

तुम्ही म्हणता नाव दिसतं, म्हणजे हा विंडोजचा लॉगिन पासवर्ड आहे, सगळ्यात सोपा प्रकार. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, ओळखीच्या कुणाच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून त्यावर विंडोज टाकून घ्या, मग लॅपटॉप चालू करताकरता डेल किंवा लेनोवो असेल तर एफ १२, एचपी असेल तर एफ ९ दाबत राहा, पेनड्राइव्ह निवडा आणि इन्स्टॉल करताना आतल्या डिस्कचे जुने पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) डिलीट करा. प्रॉडक्ट की मागितली तर 'माझ्याकडे की नाही' वर क्लिक करायचं. आधीचं विंडोज ओरिजनल असेल तर त्याचं लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, तेव्हा आधी विंडोजची होम आवृत्ती होती तर होम, प्रो होती तर प्रो टाका, नेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. मध्येच निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका, ते बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं विंडोजचं कुलूप. ती की जुन्या मालकाकडेच असणार, त्याशिवाय आतला डेटा उघडत नाही, पण आपल्याला तो नकोच आहे, पेनड्राइव्हवरून डिस्क पुसता येते.

प्रोसेसर मात्र बघून घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. त्याहून जुना निघाला तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाका, फुकट आहे, आणि सी, पायथन शिकायला, प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायला मस्त चालतं.

पण हे सगळं करायच्या आधी दुकानात स्वतः जा आणि सिरीयल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. जुने लॅपटॉप बरेचदा कंपन्यांमधून लॉटने येतात, त्यात काही वाईट नाही, पण चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसा संशय यायला जागा असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाऱ्यालाही शिक्षा आहे. बिल द्यायला कां कूं केलं तर पैसे परत मागा, विंडोज टाकत बसू नका.

अजून दोन ठिकाणी अडू शकतं. नवीन विंडोज टाकून नेट जोडल्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागितला तर ती मशीन त्या कंपनीच्या नावावर ऑटोपायलटमध्ये (कंपन्यांच्या मशीन नोंदवायची मायक्रोसॉफ्टची सोय) नोंदवलेली आहे, कितीही फॉरमॅट मारा, ती नोंद त्यांच्या आयटीवाल्यांनीच काढायला लागते. आणि विंडोजचं चिन्ह यायच्या आधीच पासवर्ड मागितला तर तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचा. मदरबोर्डवरचा छोटा सेल काढून ठेवा, जाईल, असं लोक सांगतात, जुन्या डेस्कटॉपला ते चालायचं, पण आताच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या चिपमध्ये राहतो. लेनोवोच्या थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड (बायोसचाच एक) हरवला तर कंपनी स्वतःच मदरबोर्ड बदला म्हणते, त्यात लॅपटॉपची किंमत निघून जाईल. यातलं काहीही दिसलं तर मशीन सरळ परत.

प्रश्न : वडील गेले, त्यांच्या विंडोज ७ च्या डेस्कटॉपचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नाही. त्यात लग्नाचे, गावच्या घराचे फोटो आहेत. ते मिळतील का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : बहुतेक मिळतील. फक्त वर ताईंना सांगितलं ते तुम्ही अजिबात करू नका, नवीन विंडोज कुणालाही टाकू देऊ नका. विंडोजचा पासवर्ड आत शिरताना अडवतो, डिस्कवरच्या फाइली तशाच असतात, बिटलॉकर लावलं असेल तरच गोष्ट वेगळी. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट टाका, त्यावरून डेस्कटॉप चालू करा, इन्स्टॉलला हात लावायचा नाही, नुसतं आतली डिस्क उघडून यूजर्स फोल्डरमध्ये वडिलांच्या नावाचं फोल्डर शोधा आणि फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. डिस्कमधून कटकट आवाज येत असेल तर मात्र मशीन लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.