जुन्या लॅपटॉपला घरचं नवीन वायफाय दिसत नाही, दुकानदार म्हणतो नवीन घ्या. काय करावं?

तुमचा लॅपटॉप २०१० चा, त्यावर विंडोज ७. घरी नवीन फायबर घेतलं, मोबाइलवर ते लगेच लागलं, पण लॅपटॉपच्या यादीत शेजाऱ्यांची नावं येतात आणि तुमचं येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. दुकानदारानं न उघडताच निदान केलं की लॅपटॉप म्हातारा झालाय. शेजाऱ्यांची नावं दिसतायत ना? मग वायफायचं कार्ड जिवंत आहे. अँटेनाच्या वायरी जागेवर आहेत, ड्रायव्हरही (कार्ड चालवणारा प्रोग्राम) चालतोय. ‘म्हातारा झालाय’ हे निदानच नाही, आणि जो माणूस मशीन उलटंसुद्धा करून न बघता असं म्हणतो, त्याच्याकडून नवीन वस्तूही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दोष बहुधा राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. मोबाइलच्या ब्राउझरमधून राउटरच्या सेटिंगच्या पानावर जा (त्याचा पत्ता बहुधा राउटरवरच छापलेला असतो). राउटर बहुधा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्यांवर, चालतो. आधी २.४ चा बँड चालू आहे का ते बघा. स्पीड टेस्टचा आकडा मोठा दिसावा म्हणून फायबर जोडणारे काही जण फक्त ५ चालू ठेवून निघून जातात, हे मी पाहिलंय. तुमच्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना ५ दिसतच नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (मशीनच्या भागांची यादी) वायफाय कार्डाचं नाव वाचा. शेवटी ‘बीजी’ किंवा ‘बीजीएन’ असेल तर फक्त २.४. ‘एबीजी’ किंवा ‘एजीएन’ असेल तर ५ पण चालतं, कारण त्यातला ‘ए’ ५ गिगाहर्ट्झचा.

२.४ चालू असूनही नाव येत नसेल तर चॅनेल, म्हणजे त्या बँडमधला राउटर वापरतो तो कप्पा, बघा. आपल्याकडे २.४ वर १ ते १३ चॅनेल वापरता येतात. पण अमेरिकेच्या हिशेबानं बसवलेली जुनी कार्डं ११ च्या पुढे ऐकतच नाहीत. राउटर ‘ऑटो’वर असला आणि १२ किंवा १३ वर जाऊन बसला की घरातल्या सगळ्या मोबाइलना दिसतो आणि लॅपटॉपला गायब होतो. दुसऱ्या दिवशी राउटर बंद-चालू झाला की परत दिसतो, आणि लोक म्हणतात लॅपटॉप लहरी आहे. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक कायमचा ठरवून टाका. राउटर वायफाय ६ चा असेल तर २.४ पुरतं ‘एएक्स’ (वायफाय ६ चा मोड) बंद करा, कारण काही जुन्या ड्रायव्हरना त्या मोडमधलं नावच वाचता येत नाही.

हे इतक्या तावातावानं लिहितेय, कारण ‘जुना आहे, काढून टाका’ हे वाक्य आमच्या घरात फार वेळा म्हटलं गेलंय.

आमचं कराडात छपाईचं आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, पावतीपुस्तकं, निवडणूक आली की परिपत्रकं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, २००६ मध्ये घेतलेला डेस्कटॉप अजून चालू आहे. त्यावर विंडोज एक्सपी आणि पानं मांडायचा प्रोग्राम, पेजमेकर ७. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आहे त्याचं कुलूप (जो ठोकळा लावल्याशिवाय ते चालत नाही) मागच्या रुंद प्रिंटर पोर्टला लागतं, जो पोर्ट आता नव्या मशीनला येतच नाही. बाजारात त्याचा यूएसबी जोड मिळतो, पण तो प्रिंटरपुरता असतो, कुलूप त्यावर ओळखलं जात नाही. फॉन्टही युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारखीच अक्षरं दाखवणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. ती फाइल दुसरीकडे उघडली तर ‘कुलस्वामिनीच्या कृपेने’ऐवजी चिन्हांची रांग येते.

त्या मशीनमध्ये तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या पत्रिका आहेत. थोरल्या मुलीच्या लग्नाची आमच्याकडे केली असेल, तर धाकटीच्या वेळी लोक तीच घेऊन येतात. मी फाइल उघडते. कुलदैवत तेच, निमंत्रक तेच, काका-मामांची यादी जवळजवळ तीच. वधू-वर, मुहूर्त, कार्यालय बदलायचं, आणि जे माणूस मध्ये गेलं त्याच्या नावामागे ‘कै.’ लावायचं. ते शेवटचं विचारताना गिऱ्हाईक गप्प होतं आणि मीही थांबते. ही मशीन भंगारात द्यायची म्हणजे काय द्यायचं, हे फक्त किमतीचा हिशेब करणाऱ्याला कसं सांगायचं?

अडचण वायफायची होती. आतल्या खोलीत नवा लेझर प्रिंटर ठेवला, तो वायफायवर. दुकानाचा नवा लॅपटॉपही वायफायवर, कारण गिऱ्हाईक मजकूर आणि फोटो व्हॉट्सॲपवरच पाठवतं. एक्सपीची मशीन एकटी पडली. मग सगळं पेनड्राइव्हवर. फोटो इकडून तिकडे, प्रूफ तिकडून इकडे. आणि पेनड्राइव्ह म्हटलं की तो शॉर्टकटवाला व्हायरस, सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसतात. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो, त्यात हे.

माझे धाकटे दीर पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहेत. भाऊजी दिवाळीला आले की मशीनसमोर उभे राहून म्हणायचे, “वहिनी, किती दिवस ही धुगधुगी ठेवायची? भंगारवाला बोलवा.” एका दिवाळीला त्यांनी यूएसबीचा वायफाय डोंगल आणून दिला. खोक्यावर छापलेलं होतं, विंडोज ७ पासून पुढे. एक्सपीला त्याचा ड्रायव्हरच नव्हता. डोंगल नाही लागला, तर निष्कर्ष काय? मशीन टाकाऊ.

नंतर फायबर जोडायला मुलगा आला. त्यानं सांगितलं, “मॅडम, वायफायचा पासवर्ड काढून टाका, जुन्या मशीनला लागेल.” आमच्या दुकानात लोक फॉर्म भरायला येतात, आधारचे फोटो पाठवतात. भर पेठेत बिनपासवर्डचं वायफाय मी ठेवणार नाही, हे त्याला तिथल्या तिथे सांगितलं.

मग मी स्वतः बसले. आधी एक्सपीचं नीट वाचून काढलं. एक्सपीत सर्व्हिस पॅक २ (मायक्रोसॉफ्टचा एकत्र अपडेटचा गठ्ठा) असेल तर डब्ल्यूपीए२ साठी, म्हणजे वायफायच्या पासवर्डच्या सुरक्षा पद्धतीसाठी, वेगळा अपडेट लागतो. २००८ चा सर्व्हिस पॅक ३ घातला की तो त्यातच येतो. पण नवा राउटर डब्ल्यूपीए२ आणि त्याच्या पुढची डब्ल्यूपीए३ मिसळून ठेवलेला होता, आणि त्या मिश्र मोडवर जुनी कार्डं पासवर्ड बरोबर असूनही अडखळतात. नाव दिसतं, पासवर्ड घेतो आणि परत विचारतो, असं झालं की हे समजावं. २.४ वर सुरक्षेच्या रकान्यात फक्त डब्ल्यूपीए२, आणि सांकेतिकीकरण एईएस, एवढंच ठेवायचं. डब्ल्यूईपी (वायफायची जुनी सुरक्षा) मात्र कोणी कितीही सांगितलं तरी लावू नका, ते काही मिनिटांत फुटतं.

तरी एक्सपीसाठी चालणारं कार्ड शोधायचं राहिलंच होतं. तेव्हा मला सुचलं की ह्या मशीनला वायफाय कळायची गरजच काय? तिला केबल कळते. माळ्यावर आधीच्या कनेक्शनचा जुना राउटर पडून होता. त्याच्या पानावर ‘क्लायंट’ नावाचा मोड होता. तो लावला की राउटर स्वतः वायफाय पकडतो आणि मागच्या लॅन पोर्टातून केबलनं पुढे देतो. हातभर लॅन केबल, ती मशीनला. मशीनच्या दृष्टीनं ती केबलवर आहे. डब्ल्यूपीए२, पासवर्ड, चॅनेल, सगळं त्या राउटरनं सांभाळायचं. मशीनला वायफायचा ड्रायव्हर लागत नाही, सर्व्हिस पॅकही आड येत नाही. विंडोज ९८ असतं तरी चाललं असतं.

त्या संध्याकाळी पेजमेकरमधून दिलेली पत्रिका आतल्या खोलीतल्या प्रिंटरवर निघाली. आबा खुर्चीवर बसून होते. त्यांनी कागद हातात घेऊन उजेडाकडे धरला, अक्षरं बघितली, आणि म्हणाले, “रेफ बरोबर बसलाय.” आबांचं कौतुक तेवढंच असतं. मी मात्र भाऊजींना फोन लावला.

भाऊजींचं म्हणणं होतं, “एवढ्या खटाटोपापेक्षा नवीन घेतलं असतं.” हे त्यांचं म्हणणं अजूनही आहे, म्हणून इथे सविस्तर उत्तर देते. नवीन मशीन म्हणजे फक्त मशीन नाही. नवं फॉन्टचं सॉफ्टवेअर, पेजमेकर कधीच बंद पडल्यामुळे दुसरा मांडणीचा प्रोग्राम, तो शिकायचा वेळ, आणि जुनी प्रत्येक फाइल पुन्हा टाइप करून पुन्हा प्रूफ. कन्व्हर्टर असतात, पण जोडाक्षरं आणि रफार यांत हमखास माती खातात आणि मग नवऱ्यामुलाच्या आडनावात चूक छापली जाते. ती चूक कोण निस्तरणार, पुण्याहून येऊन? माझ्या माळ्यावरच्या राउटरला एक रुपया लागला नाही. ज्यांना जुना राउटर सापडणार नाही, त्यांनी छोटा राउटर विकत घ्यावा, पण खोक्यावर ‘क्लायंट मोड’ लिहिलंय का ते बघूनच. टेलिफोनच्या वायरवरचे जुने मोडेम-राउटर बहुतेक या कामाचे नसतात.

एक गोष्ट भाऊजींची बरोबर आहे, ती मान्य करते. एक्सपी इंटरनेटवर नको. त्याचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. म्हणून आमच्या मशीनला मी आयपी पत्ता (नेटवर्कवरचा तिचा नंबर) हातानं दिलाय आणि गेटवेचा, म्हणजे बाहेर जायच्या वाटेचा, रकाना रिकामा ठेवलाय. घरातल्या घरात प्रिंटर आणि लॅपटॉप दिसतात, बाहेरचं जग दिसत नाही. फाइल शेअरिंग मात्र जुन्या पद्धतीनं करायला जाऊ नका. एक्सपीला एसएमबीची (विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीची) पहिलीच आवृत्ती येते, आणि २०१७ च्या वॉनाक्राय व्हायरसनं जगभर त्याच रस्त्यानं मशीनं धरली. विंडोज १० नं त्या वर्षाअखेरीपासून ती मुळात बसवणंच बंद केलं. आम्ही लॅपटॉपवर एफटीपी (फाइल पाठवायची वेगळी पद्धत) ठेवलंय, काम होतं.

तुमच्या लॅपटॉपलाही हे थोडंफार लागू आहे. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले आणि क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. तेव्हा वायफाय लागलं तरी त्यावर बँकेचं काम करू नका. ४ जीबी रॅम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकून बघा. टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय लागतं का तेही बघता येतं.

वायफाय लागलं आणि तरी प्रत्येक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणाली, तर आधी लॅपटॉपचं घड्याळ बघा. आतली छोटी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि साइटची प्रमाणपत्रं चुकीची वाटायला लागतात. वायफायचा त्यात काही दोष नसतो. १६९.२५४ नं सुरू होणारा आयपी पत्ता दिसला तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही असं समजा. राउटर एकदा बंद-चालू करा, नाहीतर पत्ता हातानं द्या. ड्रायव्हर उतरवायचा असेल आणि नेटच नसेल, तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट केबलनं लॅपटॉपला देणं) चालू करा, विंडोज ७ ला बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

दुकानदार तरीही ऐकत नसेल, तर मोबाइलचा हॉटस्पॉट २.४ वर ठेवून त्याच्यासमोर लॅपटॉपला लावा. लागला, की लॅपटॉप पिशवीत घालून घरी या आणि राउटरचा चॅनेल बदला.