जळगावात ओपन सोर्सच्या मासिक बैठकीसाठी जागा कशी निवडावी?

तुम्ही विचारलंय की जळगावात दर महिन्याला ओपन सोर्सवाल्यांची, म्हणजे ज्याचा कोड कोणीही बघू, वापरू, बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांची, बैठक सुरू करायची आहे, वीस-पंचवीस जण येतील, तर कॉलेज, हॉटेल की क्लासचा हॉल, काय बरं पडेल? आम्ही तिन्ही करून बसलोय, म्हणून सांगतो. हॉल नंतर बघा, आधी परतीची गाडी बघा.

खानदेशात या कामात रस असलेली पोरं-पोरी एका गावात नाहीत. कोणी अमळनेरला, कोणी पाचोऱ्याला, एखादी शहाद्याला. जळगाव सोयीचं, कारण सुरतेकडची आणि मुंबईकडची लाइन इथे मिळते. नंदुरबार-दोंडाईचावाले एका बाजूने येतात, चाळीसगाव-पाचोऱ्यावाले दुसऱ्या, आणि भुसावळ शेजारीच. पण चोपडा, शिरपूर, शहाद्याला रेल्वेच नाही, ती मंडळी पूर्ण एसटीच्या भरवशावर. म्हणून जागा स्टँडपासून रिक्षाच्या टप्प्यात हवी आणि कार्यक्रम तीनला संपायला हवा. मुली नियमित यायला लागल्या त्या आम्ही वेळ संध्याकाळची दुपारवर आणली तेव्हापासून. आणखी एक, बाथरूम स्वतः जाऊन बघा. आतून कडी लागते का, नळाला पाणी आहे का. हे न विचारता जागा ठरवली तर काही जणी एकदा येतात आणि पुन्हा दिसत नाहीत, कारणही सांगत नाहीत.

पहिली बैठक आम्ही शहराबाहेरच्या एका कॉलेजात घेतली. लॅब उत्तम, एसी चालू, फुकट. रविवारी गेटवर वॉचमन म्हणाला, ‘कार्ड दाखव भो.’ चोपड्याहून दोन तास प्रवास करून आलेली दोन पोरं बाहेर उभी, त्यांच्याकडे कुठल्याच कॉलेजचं कार्ड नव्हतं. एक जण मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा. आम्ही आत होतो, त्यांचा फोन आम्हाला लागला नाही आणि ते परत गेले. ती गोष्ट मला अजून टोचते. ओपन सोर्सचं दार कोणालाही उघडं असतं असं आपण म्हणतो, मग बैठकीचं दार कार्डावर उघडून कसं चालेल?

त्याच दिवशी दुसरा घोळ. एसएसएच ही दुसऱ्या संगणकाशी सुरक्षित जोडणीची पद्धत, तिची नेहमीची वाट म्हणजे पोर्ट २२. कॉलेजच्या नेटवर तोच बंद होता, त्यामुळे कोणाचंच गिट पुश होईना, म्हणजे आपला कोड सर्व्हरवर चढेना. अर्धा तास सगळे आपली की, म्हणजे ओळख पटवणारी डिजिटल किल्ली, चुकली समजून खपत होते. गिटहबला, म्हणजे कोड ठेवायच्या साइटला, पोर्ट ४४३ वरूनही एसएसएच चालतं, ते तेव्हा माहीत असतं तर वेळ वाचला असता. आता मी जागा बघायला जातो तेव्हा लॅपटॉप नेतो आणि तिथेच उभा राहून एक पुश करून बघतो.

विजेचं गणितही तिथेच करा. साधा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅट. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा धरला तर पंचवीस जणांचे १,६२५ होतात. एकाच बोर्डातून एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडत गेलात तर एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारं बटण, पडू शकतं. दोन वेगळ्या लाइनी आहेत का, एवढं विचारा. इन्स्टॉलेशनचा दिवस असेल तर उबुंटू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची पाच-सहा जीबीची फाइल प्रत्येकाला डाउनलोड करायला लावू नका. चार पेन ड्राइव्ह घरूनच तयार करून न्या.

क्लासच्या हॉलबद्दल मी सावधच करीन. एका ठिकाणी आम्हाला जागा फुकट मिळाली, दारात बॅनर लागला त्यांच्या कोर्सचा आणि नावनोंदणीच्या वहीतले फोन नंबर दुसऱ्या दिवशीपासून अॅडमिशनसाठी वाजायला लागले. तेव्हापासून आम्ही भाडं देतो आणि पावती घेतो. हॉटेलात गोंगाट फार, दर तासाला काहीतरी मागवावं लागतं, ज्याच्या खिशात परतीचंच भाडं आहे तो अवघडून बसतो.

माझी पहिली पसंती सार्वजनिक वाचनालयाला. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावच्या मान्यताप्राप्त वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, कोणीही आत येऊन वाचत बसावं हाच त्यांचा रिवाज. आपल्या कामाशी याहून जवळची जागा नाही. हॉल असेलच असं नाही, वरच्या मजल्यावर एखादी खोली पुरते. मात्र ईमेल पाठवून थांबू नका. ग्रंथपालांना समक्ष भेटा, अर्ज मराठीत लिहून न्या, तुम्ही काय करता ते पाच मिनिटं नीट सांगा. त्यांची सूची संगणकावर आणायची असेल तर ‘कोहा’ हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर दाखवा. मग ती खोली मागायची वेळ येत नाही, तेच पुढच्या महिन्याची तारीख विचारतात.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचा हॉल अजिबात नको, आपलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. त्या दोन महिन्यांत आम्ही सकाळी नऊला बसतो आणि बाराला उठतो. आणि जागा पक्की करण्याआधी एका रविवारी, बैठकीच्याच वेळेला, तिथे तासभर बसून या. आम्ही बुधवारी बघून घेतलेल्या एका हॉलला लागूनच मंगल कार्यालय होतं, हे आम्हाला बँडचा पहिला ठेका पडल्यावर कळलं.