पद्मिनी घेताय? इंजिन राहू द्या, आधी पत्रा बघा

तुम्ही विचारलंय : 1986 ची प्रीमियर पद्मिनी मोटार विकायला आहे, मालक म्हणतो ‘इंजिन नुकतंच बांधलंय’, घ्यावी का आणि रोज ऑफिसला नेता येईल का?

‘इंजिन नुकतंच बांधलंय’ हे वाक्य स्थळाच्या बैठकीतल्या ‘मुलगा निर्व्यसनी आहे’सारखं आहे. खरं असेलही, पण तेवढ्यावर तारीख काढत नाहीत. पद्मिनीत इंजिन हा सगळ्यात सोपा प्रश्न आहे. 1089 सीसी, चार सिलिंडर, एक कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग). कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हे इंजिन इतकी वर्षं हाणलं, की ते उघडून बसवणारे मिस्त्री आणि त्याचे पार्ट अजून सापडतात. सापडत नाही तो धड पत्रा, आणि त्याहून दुर्मीळ म्हणजे धड कागद. म्हणून माझं मत : पत्रा आणि कागद विकत घ्या, इंजिन त्यांच्याबरोबर फुकट आलं असं समजा.

पत्र्यासाठी लोहचुंबक न्या, रुमालात गुंडाळून, म्हणजे रंगावर ओरखडा येणार नाही. दाराची खालची वीतभर पट्टी, चाकांच्या कमानी, हेडलाइटच्या मागची मडगार्डं आणि दाराखालची सिल, म्हणजे उंबरठा, यांवरून तो फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून लांबी (भोकं-खड्डे बुजवायची पुट्टी) आहे. थोडी लांबी सगळ्यांनाच असते. पण सिलवर चुंबक सरळ घसरत गेला, तर तुम्ही गाडी नाही, शिल्प बघताय. मग आतली मॅटिंग उचला. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच सांगाडा आहे, त्यामुळे फ्लोअर आणि सिल गेले की कणाच गेला. जॅक लावून एक बाजू उचला आणि मागचं दार उघडून बंद करा. जमिनीवर नीट लागणारं दार आता अडकत असेल, तर बॉडी मधून वाकतेय. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ उभी राहिलेली गाडी असेल, तर डिकीचा तळ आणि बॅटरीखालचा ट्रेही बघा.

याच फेरीत गाडीचा पूर्वजन्मही कळतो. दाराचं रबर थोडं उचका किंवा छताच्या कडेला रंग उडालाय तिथे नीट बघा. खाली पिवळा रंग दिसला, तर बाईंनी मीटर टाकून संसार केलेला आहे. डाव्या मडगार्डवर मीटरची बुजवलेली भोकं आणि डिकीत सीएनजी टाकीच्या पट्ट्यांचे व्रण या आणखी दोन खुणा. माजी टॅक्सी वाईटच असते असं नाही, पण ‘एका डॉक्टरांनी वापरलेली’ हा भाव मग देऊ नका. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत झाली होती. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर 2023 अखेरीस ती निवृत्त झाली. त्या आठवड्यात सगळ्या शहराला गहिवरून आलं. त्यातल्या निम्म्या लोकांनी आदल्याच महिन्यात तिच्या कडक सीटला शिव्या घातल्या असणार.

आता इंजिन. मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी थंड हवी. तुम्ही पोचता तेव्हा बॉनेट गरम असेल, तर कुणीतरी सकाळपासून तिची मनधरणी केलेली आहे. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच काढा, मग इंजिन सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, फुटलंय. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, म्हणून एकदा जोरात तापली की हेड वाकतं. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखी साय दिसली, तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर पुन्हा तेच हेड. शक्य असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. चारही आकडे चांगले वर आणि एकमेकांच्या दहा टक्क्यांत असले, तर मालक खरं बोलत होता.

गरम झाल्यावर बंद पडणं हा या गाडीचा ऐतिहासिक छंद. कारणं मुख्यतः दोन, आणि लोक दोन्हींचा इलाज एकदमच करत बसतात. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत) पेट्रोल नसेल, तर व्हेपर लॉक : ब्लॉकवर बसवलेला पेट्रोल पंप तापून आतल्या पेट्रोलची वाफ झाली. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबा. पेट्रोल आहे पण प्लगला ठिणगी नाही, तर ठिणगीच्या वायरिंगमधला कॉइल किंवा कंडेन्सर तापून बसलाय, तिथे फडक्याचा उपयोग शून्य. कायमचा इलाज म्हणून पंप आणि ब्लॉकमधला जाड इन्सुलेटर जागेवर आहे ना ते बघा (घाईतला मिस्त्री त्याऐवजी पातळ गॅस्केट घालतो) आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब वळवा. इलेक्ट्रिक पंप लावायचाच असेल, तर कार्ब्युरेटरसाठीचा 2 ते 3.5 पीएसआय दाबाचा, आणि तो टाकीजवळ. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावलात, तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई दबून पेट्रोल बाहेर ओसंडेल. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2, पॉइंटचा (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या स्विचचा) गॅप साधारण 0.4 मिमी, तो फिलर गेजने (जाडी मोजायच्या पात्यांनी) मोजा, लग्नपत्रिकेच्या तुकड्याने नाही.

हल्ली नवी चिंता वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची. याने इंजिन फुटत नाही. जुनं रबर मात्र फुगतं किंवा कडक होऊन चिरतं. पंपाचा डायाफ्राम (रबरी पडदा), सगळ्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग इथेनॉल सोसणाऱ्या मालाची घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवा, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. शिवाय मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. प्लग काढून बघा : बिस्किटी रंग म्हणजे उत्तम, पांढराफटक असेल तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) एक पायरी मोठा लावा. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, 115 म्हणजे 1.15 मिमी, पायरी 5 ची.

चालवून बघताना हँडगिअरकडे, म्हणजे स्टीअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्याकडे, लक्ष द्या. दांडा खिचडी ढवळल्यासारखा फिरत असेल, तर लिंकेजचे बुश गेलेत, काम किरकोळ आहे. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका, त्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी रचना) नाही. चारही ब्रेक ड्रमचे. पेडल दोनदा दाबल्यावरच लागत असेल, तर आधी ब्रेकची ॲडजस्टमेंट करा, मग ब्रेकच्या तेलातली हवा काढा; आणि व्हील सिलिंडरमधलं रबर सगळ्या चाकांचं एकदम बदला. पुढच्या किंगपिनना (चाक ज्यावर वळतं त्या खिळांना) दीड-दोन हजार किलोमीटरला ग्रीस हवं. तो नियम पाळला नसेल, तर पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवा, कटकट ऐकू येईल.

कागदांत आरसीवरचे इंजिन आणि चॅसिस नंबर स्वतः वाचून जुळवा. नोंदणीची मुदत संपलेली असेल, तर ती वाढवून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका. 20 वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरण फी ऑगस्ट 2025 पासून 5,000 ची 10,000 रुपये झाली आहे, वर पर्यावरण कर आहेच. आणि विक्रेता ‘व्हिंटेज करून टाका’ म्हणाला, तर हसून सोडून द्या. 2021 च्या नियमाप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे ही गाडी 2036 मध्ये पात्र होईल. तेव्हाही 20,000 रुपये भरून ‘व्हीए’ची, म्हणजे व्हिंटेज गाडीची, नंबरपाटी मिळते, आणि त्या पाटीवर रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला जाता येतं. मंडईत नाही. वापरायची असेल, तर साधी नोंदणीच बरी.

रोज ऑफिसला? नाही. एसी नाही, पॉवर स्टीअरिंग नाही, आणि पुढचा रिक्षावाला अचानक थांबला तर ड्रम ब्रेकला विचार करायला वेळ लागतो. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने मात्र ती झकास चालते. सिल शाबूत असेल, तर घ्या.